आकाशचित्रणाच्या साधनांचे लोकांनी बांधलेले डेटाबेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशाचे फोटो काढणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं ॲस्ट्रोबिन या आकाशाचे फोटो ठेवायच्या संकेतस्थळाच्या साधनसूचीबद्दल आहेत, कारण आपल्याकडचे हौशी लोकही तीच सर्वाधिक वापरतात. सिरिल (फोटो जोडायचं आणि रंग नीट करायचं सॉफ्टवेअर) आणि लेन्सफन (लेन्सच्या दोषांचा संग्रह) यांच्यासाठी शेवटाकडे वेगळे प्रश्न आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. साधनांचा डेटाबेस म्हणजे नेमकं काय?

दुर्बीण किंवा लेन्स, माउंट (दुर्बीण पेलून ताऱ्यांमागे फिरवणारा), कॅमेरा, फिल्टर, गाइडिंगची छोटी दुर्बीण, फोटो जोडायचं सॉफ्टवेअर अशा प्रत्येक वस्तूची एकच ठरलेली नोंद, आणि त्या नोंदीला जोडलेले त्या वस्तूने काढलेले सगळे फोटो. साल्वातोरे योवेने यांनी २०११ मध्ये ॲस्ट्रोबिन सुरू केलं, तेव्हा जो तो आपल्या साधनाचं नाव हाताने टाइप करायचा. एकाच कॅमेऱ्याची दहा नावं व्हायची: कुणी मधे जागा सोडायचा, कुणी ‘प्रो’ गाळायचा, कुणी कंपनीचं नावच लिहायचा नाही. मग शोध घेणाऱ्याला दहापैकी एका नावाखालचे फोटो दिसायचे. नंतर ही सूची नव्याने बांधली गेली आणि नावं तपासूनच आत घ्यायची पद्धत आली.

२. ही माहिती भरतं कोण? कंपन्या की दुकानदार?

मुख्यतः वापरणारेच. तुम्ही नोंद सुचवता, मॉडरेटर ती तपासून मंजूर करतो किंवा कारण देऊन परत करतो. मॉडरेटरही तुमच्याआमच्यासारखेच हौशी असतात. त्यामुळे उत्तर यायला कधी दिवस लागतात, आणि अमावास्येच्या आसपास जरा जास्तच, कारण त्या रात्री ते स्वतः दुर्बिणीपाशी असतात.

३. मी अजून काहीच विकत घेतलेलं नाही. मला याचा काय उपयोग?

खरा उपयोग तुम्हालाच आहे. जाहिरातीतला फोटो कुठल्या आकाशाखाली, किती तास प्रकाश गोळा करून आणि कुणाच्या हातून झाला ते कळत नाही. साधनसूचीत तुम्ही एखाद्या दुर्बिणीच्या नोंदीवर गेलात की तिचे शेकडो फोटो समोर येतात, चांगले आणि फसलेले दोन्ही. त्यातले फसलेले आधी बघा. कोपऱ्यातले तारे लांबुळके झालेत का, तेजस्वी ताऱ्यांभोवती निळं वलय आहे का, हे तिथे दिसतं.

दुसरं, आकड्यांवरून घरबसल्या हिशेब करता येतो. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६.२६५ ने गुणा, फोकल लेंथने (मिलिमीटरमध्ये) भागा. एका पिक्सेलमध्ये आकाशाचे किती आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) येतात ते मिळतं. रेडकॅट ५१ या छोट्या दुर्बिणीची फोकल लेंथ २५० मिमी. तिच्यामागे ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा, ६२४८ × ४१७६ पिक्सेलचा कॅमेरा लावला तर पिक्सेलला ३.१ आर्कसेकंद येतात आणि चौकट साधारण ५.४ × ३.६ अंशांची होते. देवयानी दीर्घिका, जी आकाशात सुमारे ३ अंश पसरली आहे, आरामात मावते. शनीची कडी मात्र या जोडीने विसरा.

एक सावधगिरी: ज्या कॅमेऱ्याखाली सर्वाधिक फोटो तो सर्वोत्तम, असं समजू नका. तो सर्वाधिक विकला गेलेला आहे, एवढंच त्यावरून सिद्ध होतं. शिवाय चिलीच्या वाळवंटातून भाड्याच्या दुर्बिणीने काढलेला आणि ठाण्याच्या गच्चीवरून काढलेला असे दोन्ही फोटो एकाच नोंदीखाली बसतात. आपल्यासारख्या आकाशाखालचे फोटो वेगळे काढून पाहा.

४. माझा कॅमेरा सूचीत सापडत नाही. नवी नोंद घालू का?

आधी दुसऱ्या नावाने शोधा. आपल्याकडे कॅननचा ईओएस ७०० डी म्हणून विकला गेलेला कॅमेरा अमेरिकेत रिबेल टी५आय आणि जपानमध्ये किस एक्स७आय आहे. झेडडब्ल्यूओ कंपनीच्या कॅमेऱ्यांत ‘एमएम’ म्हणजे मोनो (कृष्णधवल) आणि ‘एमसी’ म्हणजे रंगीत. शोधताना एक अक्षर चुकलं की भलताच कॅमेरा निवडला जातो. अशी चूक झालेले फोटो भरपूर आहेत: मोनो कॅमेऱ्याने एका रात्रीत, फिल्टरशिवाय काढलेला रंगीत तेजोमेघ! कंपनीचं नाव गाळून फक्त मॉडेलचा आकडा टाकला तर शोध बहुतेक वेळा लागतो. त्यानेही नाही सापडला तर खुशाल नवी नोंद सुचवा.

५. नवी नोंद सुचवताना काय काय द्यावं लागतं?

उत्पादकाने लिहिलंय अगदी तसं नाव, त्याच्या पानाचा दुवा आणि तांत्रिक आकडे. दुर्बिणीला छिद्र (म्हणजे भिंगाचा किंवा आरशाचा व्यास) आणि फोकल लेंथ, माउंटला पेलण्याची क्षमता, कॅमेऱ्याला त्याचा सेन्सर. नाव रोमन लिपीतच द्यावं, नाहीतर दुसऱ्या देशातल्या माणसाला ते सापडणार नाही. दुकानाच्या पानावरचे आकडे शक्यतो घेऊ नका. दुकानदार एका मॉडेलचा मजकूर दुसऱ्यावर तसाच चिकटवतात. आठवणीतून तर मुळीच भरू नका. एखादा रकाना माहीत नसेल तर रिकामा सोडा. रिकामा रकाना पुढे कुणीतरी भरतं, पण चुकीचा भरलेला रकाना वर्षानुवर्षं तसाच राहतो, कारण तो बघून कुणाला शंकाच येत नाही.

६. कॅमेरा आणि सेन्सर यांच्या नोंदी वेगळ्या का? दोन्ही एकच ना?

एकच नाहीत, आणि ही वाटणी या सगळ्या रचनेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे असं माझं मत आहे.

सोनीचा आयएमएक्स५७१ घ्या. एपीएस-सी आकार (फुल फ्रेमपेक्षा लहान), ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल, २६ मेगापिक्सेल, १६ बिट. झेडडब्ल्यूओचा एएसआय२६००, क्यूएचवायचा २६८, प्लेअर वनचा पोसायडन, शिवाय टूपटेककडून येणारे आणि वेगवेगळ्या शिक्क्यांखाली विकले जाणारे कॅमेरे, या सगळ्यांच्या पोटात तोच. सेन्सरची नोंद वेगळी असल्यामुळे पिक्सेलचा आकार एकदाच लिहिला जातो आणि सगळ्या कॅमेऱ्यांना लागू होतो. चूक दुरुस्त करायची तरी एकाच जागी. शिवाय सेन्सरवरून शोधलं तर ‘कुठल्या कंपनीचा घेऊ’ या वादात न पडता त्या सेन्सरकडून काय होतं ते सगळं दिसतं. जुन्या जमान्यात कोडॅकच्या केएएफ-८३०० चं असंच होतं: ५.४ मायक्रॉनचा तो सीसीडी एसबिग, क्यूएसआय, एटिक अशा अनेकांच्या कॅमेऱ्यांत बसला होता.

आता गोम. सेन्सर तोच असला तरी कंपन्यांचे आकडे जुळत नाहीत. आयएमएक्स५७१ साठी झेडडब्ल्यूओ ६२४८ × ४१७६ लिहिते, तर क्यूएचवाय ६२८० × ४२१०, कारण तिने कडेचे झाकलेले आणि ओव्हरस्कॅनचे पिक्सेलही मोजलेत. पिक्सेलमध्ये किती इलेक्ट्रॉन मावतात हा आकडा एकीकडे ५० हजार, तर क्यूएचवायच्या वाढीव मोडमध्ये ७५ हजारांच्या पुढे. दोन्ही खरे आहेत. वाढीव आकडा सेन्सरचा गुण नसून त्याभोवतीच्या इलेक्ट्रॉनिक्सचा आहे. म्हणून सेन्सरच्या नोंदीत सेन्सरचं तेवढंच लिहायचं आणि थंड करण्याची क्षमता, बफर, मोड हे कॅमेऱ्याच्या नोंदीत. क्यूएचवायचा आकडा पाहून सेन्सरची नोंद ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. असे प्रस्ताव नेहमी येतात आणि नेहमी परत जातात.

७. एकच दुर्बीण चार नावांनी विकली जाते. नोंद एक की चार?

चार. तैवानच्या जीएसओ कंपनीची ८ इंची, १६२४ मिमी फोकल लेंथची रिची-क्रेतिएँ दुर्बीण ॲस्ट्रो-टेक, टीपीओ, टीएस-ऑप्टिक्स अशा शिक्क्यांखाली मिळते. सिंटाचा एचईक्यू५ माउंट स्काय-वॉचरच्या नावाने विकला गेला आणि अमेरिकेत ओरायनच्या नावाने सिरियस झाला. काच एकच असली तरी फोकसर, कडी, डोव्हटेल, कधी ट्यूबचं धातूकाम वेगळं निघतं, आणि फोटो काढताना फोकसर ढिला निघाला तर आरसा उत्तम असून काय उपयोग? म्हणून नियम असा: ज्या नावाने विकत घेतली त्या नावाची नोंद. हे प्रश्न ६ च्या उलट वाटेल, पण सेन्सरला वेगळी नोंद आहे, आरशाला नाही.

८. माझा डीएसएलआर मॉडिफाय केलेला आहे. त्याची वेगळी नोंद करू?

नको. डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांच्या नोंदीला ‘मॉडिफाय केलेला’ असा पोटप्रकार असतो, तो निवडा. मॉडिफाय करणं म्हणजे सेन्सरपुढचा कारखान्यातला फिल्टर काढणं किंवा बदलणं, आणि हा फरक मोठा आहे. कारखान्यातून येणारा इन्फ्रारेड रोखणारा फिल्टर हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाचाही मोठा भाग खातो, आणि तेजोमेघांचा लाल रंग तिथेच असतो. साध्या कॅमेऱ्याच्या नोंदीखाली मॉडिफाय केलेल्याचा फोटो टाकलात तर नवखा माणूस तो पाहून साधा कॅमेरा घेईल आणि आपलं काय चुकतंय म्हणून वर्षभर झुरेल.

कॅननचे २०डीए, ६०डीए, ईओएस आरए आणि निकॉनचा डी८१०ए हे मात्र कारखान्यातूनच आकाशासाठी बनून आलेले आहेत. त्यांच्या स्वतंत्र नोंदी आहेत आणि त्यांना ‘मॉडिफाय केलेला’ म्हणायचं नाही.

९. ‘कूल’, ‘प्रो’, ‘मार्क टू’ या आवृत्त्या एक धरायच्या की वेगळ्या?

उत्पादकाने नाव बदललं असेल तर वेगळ्या. एएसआय१६००एमएम साधा, कूल आणि प्रो असा तीन रूपांत आला. सेन्सर पॅनासॉनिकचा एकच, पण साधा थंड होत नाही आणि प्रोमध्ये बफर मेमरी आहे. नाव न बदलता आत गुपचूप सुधारणा केली असेल तर नोंद एकच. रंग बदलला, खोक्यावरचं चित्र बदललं, एवढ्यासाठी नवी नोंद मागणारेही भेटतात.

१०. रिड्यूसर लावल्यावर फोकल लेंथ बदलते. मग दुर्बिणीच्या नोंदीत कुठली?

नोंदीत नेहमी नुसत्या दुर्बिणीची. रिड्यूसर (फोकल लेंथ कमी करणारं भिंग), फ्लॅटनर (कडेचे तारे नीट करणारं), बार्लो (फोकल लेंथ वाढवणारं) हे जोडसामान आहे, त्यांच्या नोंदी वेगळ्या. ‘सी८ विथ ०.६३ रिड्यूसर’ अशी दुर्बीण बनवू नका.

फोटोखाली मात्र खरी फोकल लेंथ द्यायला हवी आणि ती बहुतेकांची चुकते. सेलेस्ट्रॉन सी८ ची छापील फोकल लेंथ २०३२ मिमी. ०.६३ ने गुणलं की १२८०, म्हणून सगळे १२८० लिहितात. पण ०.६३ हा आकडा रिड्यूसर आणि सेन्सर यांच्यात ठरलेलं अंतर असेल तेव्हाचा. एखादं कडं जास्त लागलं की तो बदलतो. त्यातून या दुर्बिणीत फोकस करताना मुख्य आरसाच पुढेमागे सरकतो, त्यामुळे फोकल लेंथ पुन्हा हलते. फोटो प्लेट सॉल्व्ह करा, म्हणजे त्यातले तारे ताऱ्यांच्या सूचीशी जुळवून एका पिक्सेलला किती आकाश येतं ते सॉफ्टवेअरकडून काढून घ्या. समजा पिक्सेलला ०.६२ आर्कसेकंद आले आणि पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा आहे. प्रश्न ३ मधलं सूत्र उलटं लावा: २०६.२६५ × ३.७६ ÷ ०.६२, म्हणजे साधारण १२५१ मिमी. हीच तुमची खरी फोकल लेंथ.

उत्तर अपेक्षेच्या निम्मं किंवा दुप्पट आलं तर बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र करून मोजणं) तपासा. दुर्बीण बिचारी निर्दोष असते.

११. दुर्बीण घरी बनवली आहे, आरसाही हाताने घासलेला. ती कुठे बसवायची?

सूचीत स्वनिर्मित साधनांसाठी वेगळी सोय आहे. कंपनीचं नाव न देता तुमच्या वर्णनासह नोंद होते आणि ती इतरांच्या निवडयादीत येत नाही, कारण तशी दुर्बीण जगात एकच आहे. पुण्यात आरसे घासणाऱ्यांची मोठी परंपरा आहे, त्यामुळे हा प्रश्न मराठी लोकांकडून जरा जास्तच येतो. आरशाचा व्यास, मोजून काढलेली फोकल लेंथ आणि कोटिंग कशाचं ते लिहा.

तयार न्यूटोनियनचा फोकसर बदलला, थ्रीडी प्रिंटरवर कडी छापून लावली, तर ती स्वनिर्मित होत नाही. मूळ दुर्बिणीचीच नोंद वापरायची.

१२. सीस्टारसारखी स्मार्ट दुर्बीण दुर्बिणीत टाकायची की कॅमेऱ्यात?

दोन्हींत. सीस्टार एस५० मध्ये ५० मिमी व्यासाची, २५० मिमी फोकल लेंथची दुर्बीण आणि सोनीचा आयएमएक्स४६२ सेन्सर एकाच खोक्यात आहेत. कॅमेरा न निवडता सोडला तर तुमचा फोटो सेन्सरवरून शोधणाऱ्याला दिसणार नाही. आतला फिल्टर वापरला असेल तर तेही लिहा.

१३. एकाच फिल्टरच्या तीन-तीन नोंदी का दिसतात?

बहुतेकदा आकारामुळे: सव्वा इंची, दोन इंची, ३६ मिमी. तुमच्याकडे आहे तो आकार निवडा. नावात साम्य असलेले फिल्टर मात्र खरोखर वेगळे असतात. ऑप्टोलाँगचा एल-एक्स्ट्रीम ७ नॅनोमीटरचा आणि एल-अल्टिमेट ३ नॅनोमीटरचा. शहराच्या उजेडात या दोघांत बराच फरक पडतो.

१४. फोटोंची माहिती सीएसव्ही फाइलमधून भरताना फिल्टर ओळखला जात नाही. का?

ॲस्ट्रोबिनच्या सीएसव्हीत फिल्टरच्या रकान्यात नाव चालत नाही, नोंदीचा क्रमांक लागतो. फिल्टरच्या नोंदीचं पान उघडा, पत्त्यात तो दिसेल. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये फिल्टरला ‘हा’ किंवा ‘एच अल्फा’ काहीही नाव असू द्या, पण क्रमांक एकदा टिपून ठेवा. आकार चुकीचा निवडला (प्रश्न १३) तर क्रमांकही चुकतो.

१५. सिरिलमधले फिल्टर आणि सेन्सरचे आलेख हाही असाच डेटाबेस आहे का?

हो, पण त्याचं काम वेगळं. सिरिलचं स्पेक्ट्रमवर आधारलेलं रंगसंतुलन, ज्याला सगळे एसपीसीसी म्हणतात, गाया यानाने नोंदलेले ताऱ्यांचे वर्णपट घेतं. गायाच्या जून २०२२ मधल्या तिसऱ्या प्रकाशनात असे सुमारे २२ कोटी वर्णपट आहेत. तुमचा सेन्सर कुठल्या तरंगलांबीला किती प्रतिसाद देतो आणि फिल्टर किती प्रकाश सोडतो हे कळलं, की त्या ताऱ्याचा रंग तुमच्या फोटोत काय यायला हवा ते काढता येतं. हे आलेख जेसन फाइलींच्या रूपात लोकांनीच दिलेले आहेत आणि प्रत्येकात माहिती कुठून घेतली, तिचा दर्जा काय, हे लिहावं लागतं.

तुमचा फिल्टर नसेल तर उत्पादकाच्या आलेखावरून आकडे काढून देता येतात. त्यासाठीची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. उत्पादकाचं चित्र चार पिक्सेल जाडीच्या रेषेने काढलेलं असेल, तर ३ नॅनोमीटरच्या फिल्टरसाठी ते निरुपयोगी आहे. ते पाठवू नका.

तुमचा नेमका कॅमेरा यादीत नसला तरी हरकत नाही. त्याच सेन्सरचा दुसरा कॅमेरा निवडा (प्रश्न ६). पुढची काच वेगळी असल्याचा फरक राहतो, पण तो लहान असतो.

१६. सॅमयांग १३५ मिमी लेन्सने काढलेल्या फोटोला लेन्सफनची दुरुस्ती लावू का?

लेन्सफन हा लेन्सच्या दोषांचा लोकांनी मोजून बनवलेला संग्रह आहे. डार्कटेबल, रॉथेरपी आणि डिजिकॅम तो वापरतात. आकाशगंगेच्या एकट्या, न जोडलेल्या फोटोला तो जरूर लावा. पण तुम्ही फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो) घेतल्या असतील तर कडांच्या काळोखीची दुरुस्ती लेन्सफनकडून मुळीच नको. फ्लॅट तुमच्या त्या रात्रीच्या लेन्सची, तिच्यावरच्या धुळीसकट खरी मोजणी आहे. लेन्सफनची मोजणी कुणा दुसऱ्याच्या लेन्सची. दोन्ही लावल्या तर कोपरे उलट उजळ होतात.

स्वतः मोजून द्यायचं असेल तर फुल फ्रेम कॅमेऱ्यावर मोजा. ती मोजणी एपीएस-सी कॅमेऱ्याला चालते, उलट चालत नाही.

१७. माझी नोंद नाकारली गेली. आता त्याखालचे फोटो गेले का?

नाही. आधीपासून नोंद आहे म्हणून नाकारली असेल तर तुमच्या फोटोंना तीच योग्य नोंद जोडली जाते. दुसरं कारण असेल तर ते कळवलेलं असतं; दुरुस्त करून पुन्हा सुचवा. मंजूर नोंदीत चूक दिसली तर बदल सुचवण्याची सोय आहे. पुरावा जोडा. ‘सगळ्यांना माहीत आहे’ हा पुरावा धरला जात नाही.

१८. साधनाचा सीरियल नंबर, खरेदीची किंमत, ठिकाण लिहावं का?

सीरियल नंबर कधीच नको. महागडी सामग्री आणि घराचं नेमकं ठिकाण एकाच पानावर आणणंही टाळा. तालुक्याचं नाव पुरतं.

१९. हा डेटा उचलून मी माझं ॲप बनवू शकतो का?

लेन्सफनचा डेटा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली आहे त्यात नामनिर्देश करावा लागतो आणि तुमची बदललेली प्रतही त्याच अटींवर मोकळी ठेवावी लागते. ॲस्ट्रोबिनचा कोड मोकळा आहे, पण कोड मोकळा म्हणजे आतली माहिती आणि लोकांचे फोटो मोकळे असं होत नाही. घाऊक उचलण्याआधी विचारा.

२०. कंपनीच बंद पडली. तिच्या जुन्या दुर्बिणीची नोंद कशी करायची?

हा प्रश्न २०२४ नंतर फार वाढला. त्या वर्षी जुलैमध्ये ओरायन बंद झाली आणि तिने २०२१ मध्ये घेतलेली मीडही तिच्याबरोबर गेली. कंपनी बंद पडली की तिच्या दुव्यांचा भरवसा राहत नाही, आणि सेकंडहँड घेतलेल्या दुर्बिणीचे आकडे तपासायला अधिकृत जागा उरत नाही.

अशा वेळी जुन्या वापरपुस्तिकेची पीडीएफ सगळ्यात भरवशाची. ती नसेल तर इंटरनेट आर्काइव्हवर कंपनीच्या पानाची जुनी प्रत मिळते, तिचा दुवा द्या. तेही नसेल तर ट्यूबवरच्या पट्टीचा फोटो. व्यास आणि फोकल लेंथ बहुधा त्यावरच छापलेली असते. पट्टी निघून गेली असेल तर व्यास फूटपट्टीने मोजा आणि फोकल लेंथ प्रश्न १० प्रमाणे काढा, पण रिड्यूसर काढून.

आणि तुमच्याकडे अशा बंद कंपनीची छापील पुस्तिका असेल तर ती स्कॅन करून ठेवा. पावसाळ्याचे चार महिने तसंही आकाश दिसत नाही.